दोन फेब्रुवारीचं कुलूप

हेन्सबोर्न,
१४ जानेवारी १९७९

प्रिय विल्फ,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? थंडीत ठणकत असेल तर गरम मिठाची पुरचुंडी लाव, डॉक्टर हसला तर हसू दे. नोरीनचा खोकला गेला का? जॉयसला आता उलट्या होत नाहीत ना? तिसरा महिना सरला की बरं वाटेल म्हणावं लेकीला. तिचा थोरला कांजिण्यांतून उठला का? आणि तुमचा तो म्हातारा कुत्रा टोबी, अजून जिने चढतो की उचलून न्यावा लागतो? माझं म्हणशील तर मी बरी आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण लोक जे बोलतात त्यातलं अर्धं ऐकलं तरी पुरतं.

तुझं पत्र मिळालं. सहा पानं! पोस्टमनने पाकीट हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाला, "काय मिस हॅलेट, आख्खा कॅनडा भरून पाठवलाय की काय भावाने?" एकवीस वर्षांत तुझ्याकडून नाताळच्या कार्डापलीकडे काही आलं नव्हतं, त्यामुळे मी ते लगेच उघडलंच नाही. किटली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग वाचलं.

तू परत येणार म्हणतोस. तुझं कुरण त्या बांधकामवाल्याला विकायचं आणि त्या पैशांवर तू नि नोरीनने इथे यायचं, माझ्या वरच्या दोन खोल्यांत. मी ते पान तीनदा वाचलं. दुपारी वर जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या, बाहेर बर्फ असताना. खोलीत अजून पिठाचा वास आहे रे. पावाची भट्टी थंड होऊन सहा वर्षं झाली, खाली आता लोकर विकतात, पण भिंतींना कोण सांगणार?

तू विचारलंस, "गाव अजून आहे का?" आहे की. जाताना तू म्हणालास, हे गाव मेलंय, तू प्रेताशेजारी बसून राहा. मी बसले. आणि काय सांगू, प्रेत हळूच उठून बसलं. आंबवलेल्या कणकेसारखं आहे हे गाव. डोळे लावून बसलं तर ढिम्म हलत नाही, पाठ फिरवली की भांड्याबाहेर. स्टेशन बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. आता स्टेशन मास्तरच्या घरात दातांचा डॉक्टर बसतो, आणि जिथे तिकिटं मिळायची त्या खिडकीतून तुम्हाला चूळ भरायचं पाणी देतात. मेंढ्यांच्या बाजारात मोटारी उभ्या असतात. चर्चच्या आठ घंटा आणि वाजवायला पाचच माणसं, आठवतं? आता पुरे आठ आहेत. त्यातले पाच नव्या घरांतले. एकवीस वर्षं झाली, तिथली सफरचंदाची झाडं कौलांच्या वर गेली, तरी आम्ही म्हणतो 'नवी घरं'. आणि ते आम्हाला म्हणतात 'जुनं गाव', जसं काही आम्ही आधीच काचेच्या कपाटात ठेवलेले.

सकाळी वरच्या खिडकीतून बघते. नदीचं धुकं कुरणावर कमरेइतकं भरलेलं असतं आणि त्यावरून नुसती डोकी तरंगत येतात. एक हॅट, एक रुमाल, शाळेच्या टोप्यांची रांग. पाय कुणालाच नाहीत. जणू गावाला पडलेलं स्वप्नच चालत गावाकडे येतंय. नव्या घरांतून ते सगळे कुरणातल्या आपल्या...

असो. वकिलाचा कागद मिळाला. बघते त्याचं. घाई काय आहे?

नोरीनला प्रेम सांग.

तुझी थोरली बहीण,
डॉर्कस


हेन्सबोर्न,
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय विल्फ,

आशीर्वाद. नोरीनच्या खोकल्याला कांद्याचा रस आणि मध लागू पडला हे वाचून बरं वाटलं. टोबीचं वाईट झालं. चौदा वर्षं म्हणजे कुत्र्याने आपला शब्द पाळला म्हणायचा.

बुधवारी तुझे वकील मिस्टर ट्रेंचफील्ड स्वतः आले होते. पायांत इतके चकचकीत बूट की मी त्यांना मागच्या दाराने घेऊ शकले नाही. मला म्हणाले, "मिस हॅलेट, कायदा सोपा आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं न विचारता, न अडता गेले, तर ती वाट लोकांची. पण मालकाने वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप घातलं, तर वाट मालकाचीच. तुमच्या वडिलांनी दर दोन फेब्रुवारीला घातलं. भाऊ परदेशी गेल्यापासून त्यांच्या वतीने तुम्ही घालताय. तेवढंच शपथेवर लिहून द्यायचंय."

मी म्हटलं, "माझ्या आजोबांनीही घातलं. चहा घ्याल?"

ते म्हणाले, "सही झाल्यावर."

मी म्हटलं, "मग तुम्हाला तहान लागेल." चष्मा सापडत नाही अशी सबब सांगितली. तो माझ्या नाकावर होता. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी पेन खिशात ठेवलं.

वाट राहिली तर बांधकामवाला कुरण घेणार नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्याला चारी बाजूंनी सलग भिंत हवी. म्हणजे नव्या घरांना गावात यायला बायपासवरून दीड मैलाचा वळसा. मी विचारलं, "म्हाताऱ्यांनी काय करायचं?" ते म्हणाले, "मोटार."

तर शुक्रवारी दोन तारीख होती. मी फाटक लावलं, विल्फ. तुझी आठवण करून देणारी तार यायच्या आधीच लावलं. कुलूप पिठाच्या जुन्या पिंपाखाली होतं, गंजून चिंच झालेलं. रात्रभर तेलात ठेवलं. बाबांची पाटी पुसली, 'खासगी वाट, आज बंद', आणि सकाळी आठला दोन्ही घेऊन गेले. दाट धुकं होतं. माझेच हात मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. कुलूप लावलं, पाटी टांगली, आणि बाबा उभे राहायचे तशी फाटकाच्या आत, कुरणाच्या बाजूला, उभी राहिले.

दहा मिनिटांनी धुक्यातून एक हिरवा रुमाल आला. खाली बेरिल क्वेनेल. नव्या घरांतली ती लंडनची मुलगी. मुलगी कसली, आता चाळिशी उलटली. तिने कुलूप बघितलं, मला बघितलं.

"अगंबाई, मिस हॅलेट! तुम्हाला कुणी कोंडलं?"

आता काय बोलायचं? मी म्हटलं, "कुलूप आहे खरं."

"दिसतंय की! या टवाळांना काही वय-बिय दिसत नाही. थंडीत म्हाताऱ्या माणसाला... हलू नका हं. गवत ओलं आहे, पडाल. रेजला आणते!"

"बेरिल, अगं ऐक..."

पण ती गेलीसुद्धा. तिचा नवरा रेज आला तो सपाता घालून, हातात करवत. मागून घंटावाले मिस्टर ओक्स, त्यांच्यामागे पिशव्या घेतलेल्या दोघी जणी. मिस्टर ओक्सनी पाटी वाचली आणि म्हणाले, "यावर 'खासगी' लिहिलंय, रेज."

"लिहू दे. मी माझ्या सपातांवर 'राजा' लिहीन, म्हणून कुणी मुजरा करणार आहे का?"

"पण अक्षर जुनं दिसतंय."

"चोरलं असेल कुठूनतरी. तुम्ही जरा बाजूला व्हा, मिस हॅलेट, भुसा डोळ्यांत जाईल."

"लोखंडाचा भुसा नसतो," मिस्टर ओक्स म्हणाले.

"मग तुमच्या डोळ्यांत जाऊ द्या!"

कुलूप तुटलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेजने पाटी माझ्या हातात दिली, "घ्या, ओकचं लाकूड दिसतंय, शेकोटीला छान." बेरिलने मला दंडाला धरून आपल्या घरी नेलं, पायांवर ब्लँकेट घातलं, चहात तीन चमचे साखर घातली. आणि एवढं करून पुन्हा म्हणते, "माफ करा हं, मिस हॅलेट. आमच्या बाजूच्याच कुणाचा तरी वात्रटपणा असणार."

तेव्हा आता मिस्टर ट्रेंचफील्डनी विचारलं की यंदा कुलूप लावलं होतं का, तर लावलं होतं. दहा मिनिटं. दरवर्षी काही असं होत नाही, अर्थात. कागदाचं बघते.

तुझी,
डॉर्कस


हेन्सबोर्न,
१ मार्च १९७९

प्रिय विल्फ,

आशीर्वाद. नोरीन, जॉयस, मुलं सगळी सुखरूप आहेत हे कळलं. तुझा गुडघा मात्र तू गाळलास, म्हणजे दुखतोय.

तू रेजवर चिडलास. त्याच्यावर फिर्याद करू म्हणतोस. "असली अरेरावी बाबांच्या वेळी चालली नसती, आता तरी सही कर आणि कागद धाड," असं लिहिलंस. आणि खाली नोरीनच्या बारीक अक्षरात, "वरच्या खिडक्यांचं माप पाठवाल का? पडदे इथेच शिवून आणते."

त्या एका ओळीने मला झोपू दिलं नाही. तुझ्या चार पानांनी झाली नसती एवढी त्या ओळीने माझी पंचाईत केली. मी टेप घेऊन वर गेले, खुर्चीवर चढले, माप घेतलं. रुंदी चार फूट दोन इंच, उंची साडेतीन. खिडकीतून कुरण दिसत होतं. उतरले, आणि हे पत्र लिहायला बसले. आता मध्ये उठणार नाही.

विल्फ, मी एकवीस वर्षांत फाटक एकदाच लावलं. १९५८ साली. त्यानंतर परवाचं ते दहा मिनिटांचं.

५८ साली दोन तारीख रविवारी आली होती. तू जाऊन चार महिने झाले होते. रविवारी लोक आपलं मांस भाजायला आपल्या भट्टीत आणून ठेवायचे आणि चर्चहून परतताना न्यायचे, हे तुला सांगायला नको. तूच ती भांडी खडूने नंबर घालून लावायचास. नवी घरं नुकती भरली होती. बिचाऱ्यांचे गॅस अजून जोडले नव्हते. मी बाबांसारखी फाटकाआड उभी राहिले, हातात कुलपाची किल्ली, ताठ मानेने. बर्फाचा पाऊस भुरभुरत होता. त्यातून एक पोरगी आली. आठवा महिना, पोटावर टेकवलेलं मांसाचं भांडं, वर इस्त्रीचा पांढरा रुमाल. बेरिल.

ती पाटी वाचून थांबली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सॉरी हं. माझी चूक झाली. ही वाट आमच्यासाठी नसणार."

मी म्हणायला हवं होतं, फक्त आजचा दिवस, उद्या ये. बाबा म्हणायचे, "आज नाही बरं का, उद्या खुशाल!" आणि वर टोपी काढायचे. त्यांच्या वेळी त्या वाटेने जायचं कोण? दोन घंटावाले आणि एक गाय. त्यांना सगळं माहीत होतं. पण हिला काय माहीत? माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. ती वळली आणि ते भांडं तसंच धरून सांभाळून पावलं टाकत परत गेली. त्या रविवारी नव्या घरांतलं एकही भांडं माझ्या भट्टीत आलं नाही. पुढचे सहा आठवडे कुणी पाव न्यायलाही आलं नाही. रागाने नव्हे रे! आपली माणसं रागावली असती तर भांडून मिटवलं असतं. त्यांना वाटलं, आपण नकोसे आहोत, आणि ते सभ्यपणे नकोसे झाले.

सहा आठवड्यांनी मी टोपलीभर पाव घेऊन त्याच वाटेने तिकडे गेले. बेरिलचं बाळ आठ दिवसांचं होतं. मी म्हटलं, "तुमचा पाव राहिलाय." ती म्हणाली, "आम्ही यायचं चालेल का?" मी म्हटलं, "वाट कशासाठी आहे?"

हे म्हणताना ती वाट तुझी होती, माझी नव्हती. मला ते कळत होतं.

पुढच्या फेब्रुवारीत मी कुलूप हातात घेतलं आणि पिंपाखाली ठेवलं. मग दरवर्षी तेच. आधी एका पावलाची वाट होती. मग बाबागाड्या आल्या आणि दोन चाकांची झाली. मग दोघीजणी बोलत शेजारी चालता येईल एवढी. माझ्या डोळ्यांदेखत ती रुंद होत गेली, आणि तिच्यावरून गाव आत आलं, विल्फ. घंटा वाजवणारे आले, शाळेला मुलं आली, माझ्या भट्टीला पंधरा वर्षं गिऱ्हाईक आलं. बांधकामाने वाढलं म्हणतात गाव, पण ती घरं तशीच परकी उभी राहिली असती, ओसाड बंदरात नांगरलेल्या बोटींसारखी.

आणि दर नाताळला मी तुला कार्ड लिहिलं, "फाटक लावलं. सगळं ठीक. डॉर्कस." पहिलं खरं होतं. पुढची वीस खोटी.

का लिहिलं, ते सांगते. तू जाताना रागावून गेलास. माझ्याकडून तुला हवं असलेलं एवढं एकच काम होतं. ते मी करत नाही असं कळवलं असतं, तर तू दुसरा माणूस नेमला असतास आणि माझं कार्ड बंद झालं असतं. त्या एका ओळीवर तू मला उत्तर द्यायचास, "आभार. आम्ही बरे आहोत. वि." तेवढ्यासाठी मी वर्षभर थांबायचे. खोटं बोलले ते लोकांच्या भल्यासाठी, असं म्हणून मी पुण्यवान होणार नाही. वाट उघडी ठेवली ती त्यांच्यासाठी. खोटं बोलले ते माझ्यासाठी.

आता तुझा कागद माझ्यापुढे आहे. सही केली तर तू येशील. या जन्मात मला दुसरं काही नको होतं. पण शपथेवर सही कशी करू? आणि केली, कुणी पकडलंही नाही, भिंत उभी राहिली, तर तू वरच्या खिडकीत माझ्याशेजारी बसून ती भिंतच बघशील, आणि तिच्यापलीकडे कोण थांबलंय ते फक्त मला दिसेल.

कागद कोराच परत पाठवतेय. नोरीनला माप वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. तिला म्हणावं, कापड अजून कापू नको. पण चिठ्ठी फेकूही नको.

तुझी,
डॉर्कस


हेन्सबोर्न,
२९ एप्रिल १९७९

प्रिय विल्फ,

आशीर्वाद. नोरीन कशी आहे? जॉयसचा सातवा लागला असेल. पाय सुजतात का तिचे? मुलं शाळेत जातात ना? तुझा गुडघा? आठ आठवडे झाले, यांतलं एकही मला ठाऊक नाही, म्हणून पुन्हा एकेकाचं विचारतेय.

पोस्टमन आता माझ्या दारावरून जाताना पावलं भरभर टाकतो. परवा मीच हाक मारली, "अरे, पळतोस काय? तुला खाणार नाहीये मी." तर म्हणतो, "मिस हॅलेट, रिकाम्या हाताने तुमच्यासमोर यायला नको वाटतं."

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगायला हवं. गावच्या कौन्सिलने वाटेबद्दल साक्षी गोळा केल्या. मिस्टर ट्रेंचफील्डनी बांधकामवाल्याचा नकाशा लावला तेव्हा लोकांना प्रथमच कळलं की तिथे वाट नसूही शकते. विल्फ, लोक रागावले नाहीत, गोंधळले. झोपेतून उठवून विचारावं की तुझा हात तुझाच कशावरून, तसे. कुणी म्हणालं, आम्ही नेहमीच जातो. 'नेहमी' कायद्याला चालत नाही. कौन्सिलला असं माणूस हवं होतं ज्याच्याकडे किल्ली होती.

बेरिल आली. तिने मागितलं नाही काही. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "रेजने तोडलं ते कुलूप तुमचं होतं, नाही?"

"हो."

"आणि त्या वर्षी, बाळाच्या वेळी, तेही तुमचंच."

"तेही."

ती बराच वेळ माझ्या कपबशा पुसत राहिली. कोरड्या होत्या त्या. मग म्हणाली, "आणि मधल्या वर्षांत कोण लावत होतं?"

"कुणीच नाही."

"भावाला माहीत होतं?"

"मार्चपासून आहे."

"मग तुम्ही नका जाऊ कौन्सिलमध्ये," बेरिल म्हणाली. "आम्ही जाऊ वळशाने. पाय आहेत आम्हाला. भाऊ कुठे मिळतो परत?"

ती खरंच बोलत होती. ही माणसं अशीच आहेत रे, दार लावलं तर बाहेरच्या बाहेर माफी मागून जातील. तिने एकदा तरी वाट मागितली असती तर कदाचित मी गप्प बसले असते.

मंगळवारी मी गेले. कौन्सिलच्या कारकुनाने प्रश्न वाचला, "वाट कधी बंद पाहिली का?" मी लिहिलं: दोनदा. १९५८ मध्ये पूर्ण दिवस, १९७९ मध्ये दहा मिनिटं. दोन्ही वेळा मीच लावली. मधली वीस वर्षं किल्ली माझ्याकडे होती आणि मी लावली नाही. मालकाला मी खोटं कळवत आले. यात त्याचा काही दोष नाही. शेवटचं वाक्य त्यांच्या कागदात बसत नव्हतं, म्हणून मी समासात आडवं लिहिलं. मग सही केली. घरी आल्यावर किटली ठेवली.

मिस्टर ट्रेंचफील्ड म्हणतात, बांधकामवाला मागे हटला. दुसरा एखादा वाट सोडून दोन बाजूंना थोडी घरं बांधेल, कदाचित. नाहीतर कुरण कुरणच राहील. म्हणजे तुझं येणं मी माझ्या हाताने खोडलं. हे मी गोड करून सांगणार नाही.

विल्फ, तू रागाव. तुला हक्क आहे. वीस वर्षांचा राग एकदम करायचा तर वेळ लागणार, हेही मला कळतं. पण गप्प बसून करू नकोस. मी शहात्तरची आहे. माझ्याशी एकवीस वर्षं पुन्हा अबोला धरायचा तुझा बेत असेल, तर मला तेवढं जमणार नाही, आधीच सांगून ठेवते. शिव्या घाल, पानं भरून घाल. मी त्या किटली ठेवून, चष्मा पुसून, नीट वाचीन. किंवा नोरीनला लिहू दे, जॉयसला लिहू दे. पण लिहा, आणि लवकर लिहा. पोस्टमनची काळजी वाटते.

तुझी थोरली बहीण,
डॉर्कस